धुक्यातली हजेरी

माझ्या सासरी दारावर कुणी आलं आणि "बाबा आहेत का?" असं विचारलं, तर त्याचं उत्तर द्यायचं नाही, असा दंडक होता. दार उघडायचं, आलेल्याला बसायला सांगायचं आणि आत जाऊन बाबांना कळवायचं. मग बाबा स्वतः बाहेर येऊन म्हणणार, "आहे. मी आहे."

लग्नानंतर पहिल्यांदा तिथे मुक्कामाला गेलो तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. गॅसवाला सहीसाठी आला, त्याने बाबांचं नाव घेऊन विचारलं आणि मी आपला भाबडेपणाने "आहेत ना" म्हणून मोकळा झालो. न्हाणीघराचं दार धाडकन उघडलं. बाबा कमरेला टॉवेल गुंडाळून, गालावर साबण तसाच ठेवून बाहेर आले. गॅसवाल्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"जावईबापू," ते म्हणाले, "मी आहे की नाही ते मी सांगेन. तुम्ही नका सांगू."

आवाज चढलेला नव्हता. पण स्वयंपाकघराच्या दारातून सासूबाई मला हाताने खुणावत होत्या, की आता काही बोलू नका. नंतर चहा देताना त्यांनी माझी समजूत घातली. घोड्यांमध्ये जन्म गेला की माणूसही जरासा अडेल होतो, मनावर घेऊ नका. त्या हसल्या, मीही हसलो, विषय संपला. पुढे सासूबाई गेल्या आणि बाबा आमच्याकडे राहायला आले, तेव्हा हा दंडकही त्यांच्या ट्रंकेबरोबर आमच्या घरी आला. आमच्या तीन खोल्यांत त्यांना कुठूनही हाक मारली, तरी ती संपायच्या आत ते ओ द्यायचे. जेवताना तोंडात घास असला तरी, भर झोपेत असले तरी. हाक पुन्हा मारायची वेळ त्यांनी कुणावर येऊ दिली नाही.

माझे सासरे तरुणपणी घोडदळात स्वार होते आणि देशातलं शौर्याचं सर्वांत मोठं पदक त्यांच्या नावावर होतं. ते पदक ज्यांना मिळतं त्यांतले बहुतेक जण ते घ्यायला जिवंत नसतात. त्यांची आई किंवा बायको पुढे होते आणि डबी हातात घेऊन परत येते. बाबांनी मात्र ते स्वतःच्या छातीवर लावून घेतलं होतं. त्याच दिवशी, त्याच पराक्रमासाठी, त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या एका म्हातारीने आपल्या मुलाचं पदक घेतलं. तो मुलगा बाबांचा जोडीदार. रिसाल्यात, म्हणजे त्यांच्या घोडदळाच्या तुकडीत, त्याला सगळे नकल्या म्हणत. कप्तानसाहेबांपासून आचाऱ्यापर्यंत कुणाचीही नक्कल करायचा म्हणून नकल्या. घोडा शिंकतो कसा तेही करून दाखवायचा, आणि खरा घोडा वळून बघायचा.

त्या दोघांवर आम्हाला शाळेत धडा होता. मी तो मुलगी सांगून यायच्या कितीतरी आधी पाठ केला होता. माघार घेणारा रिसाला पहाटे पूल ओलांडणार असतो, दाट धुकं असतं, समोरच्या टेकाडावर शत्रूने मशीनगन लावलेली असते. पहिली फैर झडते तसे सगळे खंदकात उड्या घेतात. आणि तेवढ्यात दोन स्वार धुक्यातून निघून थेट मशीनगनच्या तोंडावर घोडे घालतात. गन गप्प होते. रिसाला पूल ओलांडतो. एक स्वार धारातीर्थी पडतो आणि दुसरा आपल्या जखमी घोड्याला धरून, जोडीदाराच्या प्रेताशेजारी उभा सापडतो. धड्याच्या वर चित्र होतं. माना ताणून दौडणारे दोन घोडे, पुढचा स्वार तलवार उगारलेला, आणि मागचा घोड्याच्या मानेवर इतका ओणवा झालेला, की त्याचा चेहरा दिसतच नव्हता. माझं लग्न ठरलं तेव्हा मित्रांनी भरपूर चिडवून घेतलं. धड्यातल्या माणसाची मुलगी करतोयस, सांभाळ, सासरी गेलास की जेवायच्या आधी स्वाध्याय विचारतील.

बाबांनी स्वाध्याय सोडाच, त्या धड्याबद्दल अवाक्षरही कधी काढलं नाही. पदक कपाटात मोज्यांच्या खणात असायचं. एकदा हिने ते दंतमंजन लावून लख्ख घासलं, तर ते तिच्यावर रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, "कशाला उगाच."

युद्धानंतर त्यांना सरकारने नगरभवनात व्यवस्थापकाची जागा दिली होती. काम काही नव्हतं. पाहुणे आले की त्यांना पुढे करायचं, एवढंच. बाबांनी वर्ष काढलं न काढलं आणि ती नोकरी सोडून कापडगिरणीत बॉयलरवर लागले. लोकांनी वेड्यात काढलं. सासूबाईंनी मला एकदा सांगितलं होतं, की त्यांनीही खोदून खोदून विचारलं तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, तिथे कुणाला कुणाची हाक ऐकू येत नाही, सगळे हातांनी खुणा करतात, बरं वाटतं. निवृत्त होईपर्यंत ते तिथेच राहिले. वाफेने आणि कोळशाच्या धुराने त्यांचा मुळातला जाड आवाज आणखी खरखरीत झाला होता. पायरीवर पोतं ओढल्यासारखा.

हे सांगतो आहे ते एवढ्यासाठी, की रिसाल्याच्या स्मृतिदिनी त्यांच्या तोंडून निघायचा तो आवाज हा नव्हता.

रिसाल्यात आता रणगाडे आहेत. मिरवणुकीपुरते चार घोडे ठेवलेत. पण स्मृतिदिनाची हजेरी अजून जुन्या पद्धतीने घेतात. भल्या सकाळी मैदानात सगळे उभे राहतात आणि पहिलं नाव पुकारलं जातं ते नकल्याचं, पूर्ण नाव, हुद्द्यासकट. तो मेला असला तरी त्याचं नाव पटावरून काढलेलं नाही, हा त्याचा मान. आणि त्याच्या वतीने उत्तर कुणी द्यायचं, तर जो त्याच्या बाजूला होता त्याने. दरवर्षी बाबा ते उत्तर देत आले.

मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. नाव पुकारलं गेलं आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या जाडजूड, खरखरीत आवाजाच्या माणसाच्या तोंडून एक बारीक, तरुण, थोडा लांबवलेला आवाज निघाला. "हाऽजर." शेवटी किंचित हसल्यासारखा. मी वळून बघितलं. बाबांचे डोळे समोर होते आणि मानेची शीर ताठ झालेली होती. लोकांनी डोळे पुसले. मला वाटलं गहिवरले असतील, आवाज चिरकला असेल.

पण माणूस दरवर्षी त्याच अक्षरावर, तितकाच, तसाच चिरकत नाही. घरी तो आवाज मी एकदाच ऐकला. धुक्याचे दिवस होते. त्या दिवसांत बाबा आपल्या खोलीच्या खिडक्या लावून, पडदे ओढून बसायचे. मी सकाळी पेपर द्यायला गेलो आणि दाराशी थबकलो. आत दोन माणसं बोलत होती. एक बाबा. दुसरा तो. शब्द कळत नव्हते. मी पेपर उंबऱ्यावर ठेवून परत आलो. ही पोळ्या लाटत होती. तिला सांगितलं तर तिने मानही वर केली नाही. "बाबा बोलतात स्वतःशी. लहानपणापासून ऐकतेय मी. तुम्ही कुठे आता ऐकताय."

गेल्या वर्षाच्या सुरुवातीला रिसाल्याच्या संग्रहालयातून एक बाई आल्या. अदबशीर, हुशार. बाबांच्या तब्येतीची चौकशी करत करत त्यांनी मुद्दा काढला. बाबांचे गुडघे गेलेत, आवाज बसत चाललाय, पुढे कसं होईल ते कुणी सांगावं, तर नकल्याच्या नावाला बाबांनी दिलेलं उत्तर ध्वनिमुद्रित करून ठेवावं. म्हणजे बाबांच्या पश्चातही, रिसाला आहे तोवर, दर स्मृतिदिनी तेच उत्तर मैदानात वाजेल.

हिला भरून आलं. बाबांनी बाईंच्या हातातल्या कपाकडे बघितलं. मग म्हणाले, "म्हणजे मी कायमचा हजर."

"हो, आजोबा," बाई कौतुकाने म्हणाल्या. "कायमचे."

ठरल्या दिवशी मी त्यांना घेऊन गेलो. भिंतींना जाड कापड लावलेली छोटीशी खोली होती, बाहेरचा एकही आवाज आत येत नव्हता. काचेपलीकडे एक साउंडवाला बसला होता. त्याने कागदावरून नाव वाचायचं आणि बाबांनी माइकमध्ये उत्तर द्यायचं. त्याने नाव वाचलं. बाबा म्हणाले, "हजर." स्वतःच्या आवाजात. खरखरीत, जाड.

साउंडवाल्याने अंगठा वर केला. त्याच्या दृष्टीने काम झालं होतं. बाबांनी मान हलवली. पुन्हा. पुन्हा तेच. त्यांनी पाणी मागितलं, उभं राहून बघितलं, डोळे मिटून बघितलं. साउंडवाला बिचारा सांगत होता, की आजोबा, एकदम छान येतंय. शेवटी बाबांनी कानावरचा हेडफोन काढून माझ्या हातात दिला.

"चला," ते म्हणाले. "हा मी आहे. तो आलेला नाही."

बाईंनी फोन करून पुन्हा कधी येताय विचारलं, तर मी चालढकल केली.

त्यानंतरच्या एका रविवारी दुपारी ही तिच्या मावशीला बघायला गेली होती. मी आठवड्याच्या शर्टांना इस्त्री करत होतो आणि बाबा समोर आरामखुर्चीत बसले होते. त्यांनी मला विचारलं, की तुमच्या ऑफिसात हजेरी कोण बघतं. म्हटलं, आमच्याच विभागाकडे असते, इतकी वर्षं तेच तर करतोय. मग त्यांनी विचारलं, की माणूस आलेला नसताना दुसऱ्याने त्याची हजेरी लावली तर काय करता.

मी हसलो. कॉमर्स कॉलेजात आम्ही एकमेकांची हजेरी बिनदिक्कत लावायचो, बाकं रिकामी आणि वर्ग पटावर भरलेला असायचा, ते त्यांना सांगितलं. ऑफिसात मात्र उघडकीला आलं तर दोघांनाही समज देतो, म्हटलं.

"दोघांनाही?" बाबा म्हणाले. "त्याला नको. त्याचं झालं सगळं. राहिला तो मी."

आणि मग त्यांनी सांगितलं. अडखळत नव्हे, अगदी सपाट आवाजात, बॉयलरचं प्रेशर सांगावं तसं.

तळावरच्या खराब पाण्याने त्यांचं पोट बिघडलं होतं. पूल ओलांडायच्या त्या पहाटे ते नदीकाठच्या झुडपांमागे बसले होते. हाताला हात दिसत नव्हता असं धुकं. त्यांचा आणि नकल्याचा घोडा शिंगरं असल्यापासून एका पागेत वाढलेले, एक निघाला की दुसरा त्याला चिकटून निघणार, मग पाठीवर कुणी असो नसो. दोन्ही घोडे नकल्याने धरले होते. तेवढ्यात निघायचा हुकूम ठरल्या वेळेच्या आधीच आला आणि कप्तानसाहेबांनी स्वतः हजेरी सुरू केली. रिसाल्याची रीत अशी, की नाव तीनदा पुकारायचं. तिसऱ्यांदाही उत्तर आलं नाही, तर मोठ्याने 'गैरहजर' म्हणायचं आणि पुढे जायचं.

"माझं नाव पुकारलं," बाबा म्हणाले. "स्वच्छ ऐकू आलं मला. मग दुसऱ्यांदा पुकारलं. आणि मग मी 'हजर' म्हणालो."

मी इस्त्री उभी करून ठेवली. विचारलं, की म्हणजे तुम्ही झुडपातून ओ दिलीत?

"मी नाही. तो. पण आवाज माझा. तुम्हाला सांगतो, जावईबापू, माझ्या आईने फसावं असा. मी तिथे झुडपात बसून ऐकलं, की मी हजर आहे."

त्यात नकल्याचं काही चुकलं नव्हतं. मित्र पोट धरून बसलाय, शिक्षा होईल, एवढ्यात येईलच, असं त्याला वाटलं असणार. मी मूर्खासारखं विचारलं, की पोट फारच बिघडलं होतं का.

बाबांनी खिडकीकडे बघितलं. ऊन होतं बाहेर.

"पोट केव्हाच थांबलं होतं," ते म्हणाले. "नाव पुकारायच्या आधीच. मी बसून राहिलो. आणि उत्तर ऐकल्यावर वाटलं, बरं झालं, आपण तिकडे आहोत. आता इकडे जो बसलाय तो कुणीच नाही. त्याला कोण शोधणार?"

पुढचं धड्यात होतं तसंच, फक्त एक स्वार कमी. फैर झडली, माणसं खंदकात गेली, नकल्याने घोडा काढला आणि दुसरा घोडा रिकाम्या खोगिराने त्याला चिकटून धावला. खंदकातून बघणाऱ्यांना धुक्यात दोन घोडे दिसले. गन थांबल्यावर बाबा झुडपातून निघाले आणि धावत सुटले. माणसं वर पोचली तेव्हा ते नकल्याचं डोकं मांडीवरून खाली ठेवून आपल्या घोड्याला धरून उभे होते, नखशिखान्त त्याच्या रक्ताने माखलेले. त्यांनी त्याच दिवशी कप्तानसाहेबांना सांगितलं, की मी नव्हतो. साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, जबर धक्का बसलाय तुला, होतं असं. तू होतास. हजेरी मी घेतली आहे, तुझा आवाज मी माझ्या कानांनी ऐकला आहे.

"त्याला काय उत्तर देणार?" बाबा म्हणाले. "मीही ऐकला होता."

तरी ते पुन्हा सांगणार होते. पदकाच्या समारंभात सगळ्यांसमोर सांगायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. पण तिथे नकल्याची आई भेटली. तिने त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि विचारलं, "माझं पोर एकटं नव्हतं ना रे? तू होतास ना त्याच्या बाजूला?"

तापलेल्या इस्त्रीचा वास येत होता, मी प्लग काढला.

"मी 'होतो' म्हणालो."

ती बाई पुष्कळ जगली. बाबा दरवर्षी तिला भेटायला जायचे आणि ती दरवर्षी तेच विचारायची. ती होती तोवर खरं सांगणं म्हणजे तिच्या मुलाला पुन्हा एकट्याने मारणं. ती गेली तेव्हा कप्तानसाहेब जाऊन जमाना झाला होता, आणि पोरं शाळेत धडा पाठ करत होती.

मी त्यांना म्हटलं, की आता सांगून टाका, मी येतो बरोबर, हिलाही सांगू. त्यांनी मान हलवली. सांगून काही व्हायचं नाही, म्हणाले. लोक म्हणतील म्हातारा विनयाने बोलतोय, आणखी एक धडा लिहितील. त्यांना सांगायचं नव्हतंच. त्यांना एकच हवं होतं.

"माझं नाव त्या मैदानात एकदा पुकारलं जावं. तीनदा. कुणी उत्तर देऊ नये. आणि मग त्यांनी 'गैरहजर' म्हणावं. मेल्यावर म्हणतीलच, पण तेव्हा मला ऐकू येणार नाही. मला जिवंतपणी ऐकायचंय."

संग्रहालयाच्या बाईंना आम्ही अर्धंच सांगितलं. ध्वनिमुद्रण त्या खोलीत नको, स्मृतिदिनी मैदानातच करा. आणि आजोबांची इच्छा आहे, की नकल्याच्या पाठोपाठ एकदा त्यांचंही नाव पटावर पुकारलं जावं, जुन्या रीतीने, तीन वेळा. बाईंना ती कल्पना फारच आवडली. त्यांनी परवानगी मिळवली. हिने बाबांचा कोट ड्रायक्लीनला टाकला, मावशीला, शेजाऱ्यांना सांगितलं. मी तिला काही बोललो नाही. बाबांनी तशी शपथ घातली नव्हती, पण दुसऱ्याच्या वतीने बोलायचं नाही, हे मी त्या घरात पहिल्याच मुक्कामात शिकलो होतो.

स्मृतिदिनाच्या सकाळी नेमकं धुकं पडलं. मैदानाचं पलीकडचं टोक दिसत नव्हतं. कितीतरी लोक आले होते, कारण पेपरात छापून आलं होतं. बाबा पहिल्या रांगेच्या कडेला उभे, मी त्यांच्या उजव्या हाताला, कोपराला धरून. डाव्या हाताला मिरवणुकीतला एक घोडा, रिकाम्या खोगिराचा, त्याला धरणारा शिपाई त्याच्या पलीकडे. आमच्यापुढे साउंडवाल्याने माइक उभा केला होता.

नकल्याचं नाव पुकारलं गेलं.

"हाऽजर."

तो आला होता. कोंडलेल्या खोलीत जो येत नव्हता तो बारीक, तरुण, हसरा आवाज बाबांच्या तोंडून सहज बाहेर पडला. बाबांनी श्वास सोडला, मला कोपराला जाणवला. मग त्यांनी ओठ मिटून घेतले.

बाबांचं नाव पुकारलं गेलं. हुद्द्यासकट, लांब, स्पष्ट. बाबा गप्प. घोड्याने मान झटकली, लगामाची कडी वाजली.

दुसऱ्यांदा पुकारलं गेलं. मागे चुळबुळ सुरू झाली. कुणीतरी कुजबुजलं, ऐकू येत नाही का त्यांना. मी बाबांच्या तोंडाकडे बघत होतो. त्यांचे ओठ इतके घट्ट मिटलेले होते, की पांढरे पडले होते. आता फक्त एकदा, मला वाटलं. एकदा पुकारलं, की झालं.

आणि तिसऱ्यांदा नाव निघायच्या आत "हजर" असा आवाज आला. एकच. जाड, भरदार. त्याच्यामागून लगेच सगळं मैदान उसळलं. हजर, हजर, हजर. शिपाई, म्हातारे, शाळेची पोरं, सगळे. म्हातारा गहिवरलाय, त्याच्या वतीने आपण बोलू, असं प्रत्येकाला वाटलं असणार. त्यात माझ्या बायकोचाही आवाज होता, तो मी ओळखला. धुक्यामुळे तो कल्लोळ सगळीकडून एकदमच आल्यासारखा वाटला. हजेरी घेणाऱ्या अधिकाऱ्याने खाडकन सलाम ठोकला आणि पुढचं नाव घेतलं.

'गैरहजर' कुणी म्हणालं नाही.

परतताना मी आणि बाबा गाडीत मागे बसलो होतो. ही पुढे बसून ड्रायव्हरला सगळं रंगवून सांगत होती. बाबांनी हळूच विचारलं, "तुम्ही?"

"मी नाही बोललो, बाबा."

"माहीत आहे," ते म्हणाले. "एक तरी माणूस गप्प होता. बरं वाटलं." थोड्या वेळाने म्हणाले, "आधी डावीकडून आला. तो कायम माझ्या डाव्या हाताला उभा राहायचा."

मी म्हटलं, की डाव्या हाताला घोडा होता, बाबा. ते हसले. असं हसताना मी त्यांना पूर्वी पाहिलं नव्हतं. शेवटी किंचित बारीक.

घरी आल्यावर हिने माझी हजेरी घेतली. सगळं मैदान ओरडलं, तुम्ही तेवढे ढिम्म. सासऱ्याचं नाव घ्यायला नव्हतं सांगितलं कुणी, नुसतं हजर म्हणायचं होतं, तेवढ्याने काय झिजला असता? मी म्हटलं, घसा बसला होता. ती चार दिवस माझ्याशी तुटक वागली.

त्याच हिवाळ्यात धुक्याचे दिवस सरायच्या सुमाराला बाबा गेले. सकाळी हिने चहासाठी हाक मारली आणि उत्तर आलं नाही. तिने पुन्हा हाक मारली. तिसऱ्यांदा मारणार तोच मी तिचा हात धरला.

यंदा स्मृतिदिनाला आम्ही दोघं गेलो. आता पटावर दोन नावं पुकारतात आणि दोन्हींना उत्तर यंत्रातून येतं. संग्रहालयाच्या बाईंनी आधी आम्हाला आत नेऊन ध्वनिमुद्रण ऐकवलं. पहिलं उत्तर, तो बारीक आवाज. मग बाबांचं नाव, शांतता, लगामाची कडी, पुन्हा नाव, चुळबुळ. आणि मग ते एकट्याचं "हजर", आणि त्यामागे सगळं मैदान.

हिने माझा दंड घट्ट धरला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती.

"ऐकलंत? तो पहिला," ती म्हणाली. "बाबा आहेत ते. तुम्ही म्हणत होतात ना, बाबा काही बोललेच नाहीत. मी माझ्या बाबांचा आवाज ओळखणार नाही का?"

बाईंनी तेवढाच भाग पुन्हा लावला. आवाज जाड होता. पण वाफेने खरखरलेला नव्हता. बॉयलरच्या आधी तो जसा असेल, तसा.

मी हिला काही म्हटलं नाही. मी त्यांच्या कोपराला धरून उभा होतो आणि सबंध वेळ त्यांच्या तोंडाकडेच बघत होतो.